खाज मांजराची, व्रत माणसाचं

नृसिंहाने हिरण्यकशिपूचं पोट फाडलं, देव भयाने लांब उभे राहिले आणि लहानगा प्रल्हाद पुढे होऊन स्तुती करू लागला. भागवताच्या सातव्या स्कंधातल्या या लांबलचक स्तुतीत एका ठिकाणी अगदी अनपेक्षित गोष्ट येते, ती म्हणजे खाज. संसारातलं विषयसुख हे हाताला सुटलेली खाज खाजवण्यासारखं आहे, असं प्रल्हाद सांगतो. खाजवताना बरं वाटतं, मागाहून दुःखावर दुःख चढतं. जो धीराचा असतो तो ती खाज सोसून नेतो.

प्रल्हाद एकटा नाही. नागार्जुनाने ‘रत्नावली’त राजाला उपदेश करताना हाच दाखला घेतला आहे. खाजवण्यात सुख असेल, पण खाजच नसण्याचं सुख त्याहून मोठं, असं तो म्हणतो. मज्झिम निकायातल्या मागंदिय सुत्तात बुद्ध कुष्ठरोग्याचं उदाहरण देतो. तो आपल्या जखमा खाजवतो, निखाऱ्यांवर शेकतो, त्याला घटकाभर आराम पडतो आणि जखमा आणखी चिघळतात. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोच्या ‘गॉर्जियास’ या संवादात सॉक्रेटिस कॅलिक्लीसला पेचात धरतो: ज्याला जन्मभर खाज सुटते आणि ती जन्मभर मनसोक्त खाजवायलाही मिळते, तो माणूस सुखी म्हणायचा का?

एकमेकांपासून इतके दूर असलेले हे विचारवंत खाजेपाशी एकत्र येतात. सगळ्यांनी खाजेत वासना पाहिली आणि सगळ्यांचा सल्ला जवळपास एकच आहे: आवर. पण या प्रत्येकासमोर ऐकणारा कोणी तरी होता. राजा होता, मागंदिय होता, वाद घालणारा कॅलिक्लीस होता. तीच खाज घरातल्या मांजराला महिनोन् महिने सुटत राहिली तर हा उपदेश करायचा कोणाला? मांजराला सोसायचं ठरवता येत नाही. त्याची खाज कुठल्या वासनेतून आलेली नाही. ती पिसवेच्या लाळेतून, ताटलीतल्या माशातून किंवा हवेतल्या परागकणांतून आलेली आहे. ज्याला आवरता येत नाही त्याच्या वाटचा संयम कोणी पाळायचा, असा हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर सांभाळणाऱ्याने, हेच असू शकतं. आणि हा संयम वाटतो त्यापेक्षा बराच कडक आहे.

आधी खाज म्हणजे काय ते पाहायला हवं. 1660 मध्ये सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने तिची व्याख्या केली: खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना. साडेतीनशे वर्षं उलटली तरी वैद्यकाच्या पुस्तकांत हीच व्याख्या चालते. वेदना झाली की प्राणी अंग काढून घेतो. खाज मात्र पंजाला, जिभेला, दातांना त्याच जागेकडे ओढून नेते. बराच काळ शास्त्रज्ञ खाजेला वेदनेचंच सौम्य रूप समजत होते. 2007 मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाऊ-फेंग चेन आणि यान-गांग सुन यांनी उंदरांच्या मज्जारज्जूत खाजेचा निरोप वाहणारा एक ग्राहक दाखवून दिला. तो ग्राहक नसलेले उंदीर कमी खाजवत होते, पण वेदनेला मात्र नेहमीसारखाच प्रतिसाद देत होते. 2014 मध्ये त्याच प्रयोगशाळेने पुढची कडी शोधली. खाजवल्याने बारीकशी वेदना होते, ती शमवण्यासाठी मेंदू सेरोटोनिन सोडतो, आणि तेच सेरोटोनिन मज्जारज्जूतल्या खाजेच्या पेशींना अधिक चेतवतं. प्रल्हादाने सांगितलेलं दुःखावर चढणारं दुःख असं मज्जारज्जूपर्यंत जाऊन पोहोचतं. रूपक म्हणून जे सांगितलं गेलं, ते शरीराचं वर्णन म्हणूनही खरं होतं.

कुत्रं खाजवतं ते घरभर ऐकू येतं. मांजर चाटतं. त्याच्या जिभेवर मागे वळलेले शेकडो कडक काटे असतात आणि चाटणं हा तर त्याचा स्वभावच. त्यामुळे किती चाटलं म्हणजे जास्त, हे घरातल्यांच्या ध्यानात येईपर्यंत पोटावरचे आणि मांड्यांच्या आतले केस गेलेले असतात. कितीतरी मांजरं आडोशाला जाऊन चाटतात. पशुवैद्यासमोर घरचे शपथेवर सांगतात, की केस आपोआप गळतायत, ती खाजवत नाही. मग डॉक्टर चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. टोकं तुटलेली, चिरलेली दिसली तर केस गळलेले नसतात, चाटून तोडलेले असतात. मांजराची खाज मुख्यतः चार रूपांत दिसते: डोकं आणि मान ओरबाडून रक्ताळणं, दोन्ही बाजूंना सारखं टक्कल पडणं, अंगभर बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या येणं, आणि ओठावर, पोटावर किंवा मांडीवर ओले लाल चट्टे किंवा व्रण उठणं. यातलं कुठलंही रूप कुठल्याही कारणाने येऊ शकतं, म्हणून नुसतं पाहून निदान होत नाही.

दुसऱ्याचं दुःख ओळखायचं कसं, हा दर्शनांचा जुना प्रश्न इथे उघडावाघडा उभा राहतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत आत्म्याच्या खुणा सांगितल्या आहेत: इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान. त्या यादीत वाणी नाही, ही गोष्ट मांजर पाळणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्याचं दुःख प्रत्यक्ष दिसत नाही. धडपड दिसते, आणि धडपडीवरून अनुमान करायचं असतं. युरोपात देकार्तने 1637 मध्ये प्राण्यांना आपोआप चालणाऱ्या यंत्रांच्या रांगेत बसवलं. 1789 मध्ये बेंथमने एका तळटीपेत ती रांग मोडली आणि प्राण्याला बोलता येतं का यापेक्षा त्याला दुःख होतं का, हा प्रश्न पुढे आणला. 2012 मध्ये केंब्रिजला जमलेल्या मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीरनामाच काढला, की जाणिवेला लागणारी मेंदूतली सामग्री सस्तन प्राण्यांकडे आणि पक्ष्यांकडेही आहे. ज्याच्या घरी मांजर आहे त्याला हे जाहीरनाम्यातून कळायची गरज नव्हती. तरी दुःख आहे हे मान्य करणं आणि ते नेमकं ओळखणं यात अंतर उरतंच.

त्या अंतरात चुकीची अनुमानं घुसतात. ‘हिचं मन लागत नाही’, ‘नवं बाळ आलं म्हणून रुसली’, ‘घर बदललं, टेन्शन घेतलंय’, अशी कारणं पोट चाटून टक्कल केलेल्या मांजराला चटकन चिकटवली जातात. 2006 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. केस जाण्याचं कारण मानसिक असावं, असा कयास असलेल्या 21 मांजरांची पुरती तपासणी झाली. त्यांतल्या 16 मांजरांना शारीरिक आजार निघाला, तिघांना शारीरिक आणि मानसिक असं दोन्ही होतं. निव्वळ मानसिक कारण सापडलं ते फक्त दोघांत. नैयायिक याला हेत्वाभास म्हणतील: खूण खरी, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. ‘मनाचं आहे’ म्हटलं की शोध थांबतो, खर्च थांबतो आणि दोष मांजराच्या स्वभावावर जातो. माणसांच्या दवाखान्यांतही, विशेषतः बायकांच्या दुखण्यांबाबत, हे वाक्य फार लवकर उच्चारलं जातं. ताण हे कारण असू शकतं, पण ते यादीत शेवटी यायला हवं.

यादीत पहिली येते पिसू. आणि तिच्याबरोबर या सगळ्या विषयातला सर्वांत अवघड धर्मप्रश्न येतो.

मांजराची पिसू, टेनोसेफॅलिडस फेलिस, मोठी झाल्यावर मांजराच्या अंगावरच राहते. बहरात आलेली मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालते. ती गुळगुळीत असल्यामुळे केसांतून घरंगळतात आणि गादीत, सोफ्याच्या फटींत, दाराच्या पायपुसण्यात पडतात. त्यांतून अळ्या निघतात, अळ्यांचे कोष होतात आणि कोषातली पिसू हादऱ्याची, उबेची वाट पाहत महिनोन् महिने थांबू शकते. त्यामुळे अंगावर दिसतात त्या पिसवा घरातल्या एकूण पसाऱ्याचा अगदी लहान हिस्सा असतात. ज्या मांजराला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे त्याला थोडेसे चावे पुरतात. खाज मात्र कितीतरी दिवस टिकते. आणखी एक गंमत नव्हे, अडचण अशी, की मांजर पिसवा चाटून गिळतं. एक्स्टाइन आणि हार्ट यांनी 2000 साली काही मांजरांच्या गळ्यात चाटता येऊ नये अशी कॉलर घातली, तेव्हा तीन आठवड्यांत त्यांच्या अंगावरच्या पिसवा इतर मांजरांच्या सुमारे दुप्पट झाल्या. म्हणजे जे मांजर खाजेने सर्वांत हैराण, ते सर्वांत जास्त चाटतं, आणि त्याच्याच अंगावर पिसू सापडत नाही. ‘आमच्याकडे पिसवा नाहीत’ हे वाक्य म्हणूनच फारसं उपयोगी नसतं. बारीक दातांच्या फणीने केस विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेलं रक्त असतं, आणि पिसू घरात असते.

मग पिसू मारायची का? ज्या घरात मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपतात, त्या घरात हा प्रश्न खराखुरा आहे आणि त्याला हसण्याचं कारण नाही. जैन परंपरेत जीवांची प्रतवारी इंद्रियांवरून होते. मांजर पंचेंद्रिय, मुंगी, ऊ, ढेकूण यांना तीन इंद्रियं, आणि पिसूही त्यांच्याच पंक्तीला बसते. पण तीन इंद्रियांचा जीव म्हणजे मारायला मोकळा, असं तिथे कोणी म्हणत नाही. जुन्या पांजरपोळांत गायी-घोड्यांबरोबर कीटकांसाठीही जीवातखाना नावाची वेगळी खोली असे. मुंबईचं पांजरपोळ 1834 मध्ये उभं राहिलं, ते भटक्या कुत्र्यांच्या कत्तलीवरून 1832 मध्ये शहरात दंगल झाल्यानंतर. शेकडो वर्षं ज्या समाजाने धान्यातल्या किड्यालाही आश्रय दिला, त्याचा विचार बाजूला सारून ‘स्प्रे मारा’ म्हणणं हे उत्तर नव्हे.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अहिंसेची एक अडचण नेमकी पकडली आहे. कोळी फक्त मासे मारतो, इतर कोणाला नाही. त्याची अहिंसा जातीने मर्यादित झालेली असते. पतंजलीचं महाव्रत अशी मर्यादा मानत नाही. मांजर पाळणारा गृहस्थ याच मर्यादेत उभा आहे: मांजरावर माया, पिसवेला मरण. हे त्याने मान्य करावं, कारण त्याने मान्य केलं नाही तरी ते खरंच आहे. पण महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला याची दुसरी बाजू दाखवतो. नांगर चालतो तेव्हा जमिनीतले असंख्य जीव मरतात, धान्याच्या दाण्यांत जीव आहेत, पाण्यात आहेत, चालणाऱ्याच्या पायाखाली आहेत. अजिबात हिंसा न करता जगणारा कोण आहे, असं तो विचारतो. व्याधाचं हे बोलणं हिंसेचा परवाना म्हणून वाचू नये. हिंसा अटळ असेल तिथेही हिशेब ठेवायलाच हवा, असा त्याचा रोख आहे.

गांधीजींनी हा हिशेब जाहीरपणे मांडला आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या. 1928 मध्ये साबरमती आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनेत तडफडत होतं, वाचण्याची आशा नव्हती. गांधीजींच्या संमतीने डॉक्टरने त्याला इंजेक्शन देऊन मरण दिलं. त्यावर लेख लिहून त्यांनी आपली भूमिका मांडली आणि देशभरातून संतप्त पत्रं आली. न मारणं म्हणजे अहिंसा पूर्ण झाली, हे त्यांना मान्य नव्हतं. समोरच्या दुःखाकडे पाठ फिरवून हात स्वच्छ ठेवणं हीसुद्धा हिंसा असू शकते, असं त्यांच्या कृतीतून दिसतं.

पिसवेच्या बाबतीत हाच न्याय लावला तर निवाडा अवघड असला तरी अस्पष्ट राहत नाही. पिसू थांबवावीच लागते. पिसवा फार झाल्या तर लहान पिल्लं रक्त कमी होऊन मरतात, आणि चाटताना गिळलेल्या पिसवेतून पट्टकृमी पोटात जातो. पण थांबवायची कशी, यात धर्माला भरपूर जागा आहे. गृहस्थाची हिंसा जैन विचारात चार प्रकारांत मांडली जाते: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मुद्दाम ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थालाही वर्ज्य; रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा नाइलाज, पण तीही कमीत कमी. आता पाहा, लुफेन्युरॉन, मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन ही औषधं अंड्यांची आणि अळ्यांची वाढच रोखतात. पांघरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात धुणं, फटी झाडणं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, घरातल्या सगळ्या मांजरांना वर्षभर वेळच्या वेळी मानेवरचे थेंब टाकणं, हे करणाऱ्या घरात पिसवा वाढतच नाहीत. जो कंटाळा करतो त्याच्या घरात चार महिन्यांनी हजारो पिसवा माराव्या लागतात. ज्याला पिसू मारणं जिवावर येतं, त्याने तर हे वेळापत्रक इतरांपेक्षा काटेकोर पाळायला हवं.

तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या इथे थेट कामाला येते. प्रमादाच्या योगाने प्राणांचा घात होणं म्हणजे हिंसा, असं उमास्वाती सांगतो. नुसता घात त्याला पुरेसा वाटत नाही, त्यामागचा निष्काळजीपणा तो व्याख्येतच घालतो. मांजराच्या खाजेत या प्रमादाचं सर्वांत भयंकर उदाहरण म्हणजे कुत्र्याचे पिसू-गोचिडीचे थेंब मांजराला लावणं. त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या यकृतात ते निकामी करण्याची क्रिया पुरेशी होत नाही. मांजर थरथरू लागतं, झटके येतात, वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मरतं. तेच फिनाइलने फरशी पुसण्याचं. पंजे चाटताना ते पोटात जातं. टी-ट्री तेलासारखी ‘नैसर्गिक’ तेलंही मांजराला विषारी आहेत. यातला कोणीही वाईट हेतूने वागत नाही. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, असं घराघरांत सांगितलं जातं. लेबल न वाचता थेंब टाकण्याबद्दल मात्र घराघरांत काहीच सांगितलं जात नाही, आणि ते सांगायला हवं.

सोसायटीच्या जिन्याखाली, मासळी बाजाराच्या मागे, देवळाच्या पायऱ्यांवर राहणाऱ्या मांजरांचं काय? त्यांच्या कानांच्या कडांपासून सुरू होणारी जाड, राखाडी खपली पुष्कळदा खरजेची असते. नोटोएड्रिस नावाच्या किड्याने होणारी ही खरूज दिसायला भेसूर असली तरी योग्य औषधाने बरी होते. नायटा असेल तर तो माणसांनाही लागतो. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा मराठी मुलाला शाळेत जाण्याआधीच माहीत असते. ते गाढव एकनाथांचं नव्हतं, आणि त्याने पाणी मागितलंही नव्हतं. पण त्या कथेचा आधार घेताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. तहान एका कावडीने भागते. रस्त्यावरच्या मांजराची खाज महिन्यामागून महिने तोच हात, तेच औषध मागते. म्हणून रोज दूध ठेवणाऱ्याने त्याच मांजराच्या औषधाची जबाबदारीही चार शेजाऱ्यांत वाटून घेणं, एवढं तरी व्हावं. उपकार म्हणून एकदाच केलेला उपचार खरजेत पुरा पडतोच असं नाही.

पिसवा आवरल्या, खरूज-नायटा नाही असं ठरलं, तरी खाज राहिली तर पुढची पायरी आहाराची. इथे खरं व्रत सुरू होतं. अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखण्यासाठी मांजरांत रक्ततपासणीवर विसंबता येत नाही. मांजराने आधी कधीच न खाल्लेल्या एका प्रथिनावर, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेल्या खास खाद्यावर त्याला निदान आठ आठवडे ठेवावं लागतं. या काळात दुसरा घास नाही. मांजरांच्या अ‍ॅलर्जीत गोमांस, मासे आणि कोंबडी हे घटक सर्वांत जास्त वेळा सापडले आहेत. कोकणात आणि गोव्यात, जिथे मासळी साफ करताना मांजर पायाशी असतंच, तिथे मासे बंद करणं किती कठीण, हे सांगायला नको. आजी हळूच सुकटाचं डोकं टाकते, शेजारची मुलं बिस्किट देतात, आणि सात आठवड्यांची मेहनत वाया जाते. दोष मांजराचा नसतो. कठोपनिषदात यमाने नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतली निवड सांगितली, ती इथे मांजराच्या वतीने घरातल्या प्रत्येकाला करायची असते, आणि रोज.

या व्रतात मांजराला उपाशी ठेवण्याला जागा नाही. काही दिवस पोटात काहीच न गेल्यास मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, म्हणून नवं खाणं हळूहळू मिसळून आणावं लागतं. आणि शाकाहारी घराने हेही आधी पत्करावं, की मांजर मांसाहारीच आहे. टॉरिनसारखे घटक त्याला प्राण्यांपासूनच लागतात, दूधभातावर ते निभत नाही. ज्याला हे आपल्या स्वयंपाकघरात चालणार नाही त्याने मांजर न पाळणं जास्त प्रामाणिकपणाचं आहे.

गळ्यातल्या प्लास्टिकच्या कॉलरबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. चिघळलेली जखम भरेपर्यंत ती लागते, यात वाद नाही. पण काही घरांत तीच उपचार होऊन बसते. मांजर चाटत नाही, म्हणजे बरं आहे, असा समज होतो. संयमाचा उपदेश देहावर बाहेरून बांधला की असं होतं: कृती थांबते, खाज जशीच्या तशी राहते, आणि तिच्यावरचा तोकडा का होईना पण एकमेव उतारा काढून घेतलेला असतो. धीराने खाज सोसावी असं प्रल्हाद ज्याला सांगत होता, त्याच्याजवळ सोसण्याचं कारण होतं. मांजराजवळ ते नाही.

पिसवाही नाहीत, अन्नही नाही, अशी मांजरं उरतात. त्यांना धूळ, पराग, बुरशी अशा सभोवतालच्या गोष्टींची अ‍ॅलर्जी असते आणि ती सहसा जन्मभर राहते. प्रेडनिसोलोनने काही दिवसांत खाज पडते, सिक्लोस्पोरिनला काही आठवडे लागतात. स्टेरॉइड दीर्घकाळ चाललं तर मधुमेहाचा धोका असतो, म्हणून डॉक्टर मात्रा उतरवत उतरवत सर्वांत कमी पुरेल तिथे आणतात. खाज मोजण्यासाठी 0 ते 10 अशी मापपट्टी वापरतात. मांजरांसाठी तिच्या दोन पट्ट्या आहेत, एक खाजवण्याची आणि एक चाटण्याची. घरच्यांनी ठरावीक दिवसांनी त्यावर आकडा मांडायचा. शून्य गाठण्याचा हट्ट धरला की औषध वाढतं. दोन-तीनवर मांजर नीट खातं, झोपतं, खेळतं, तर तिथे थांबणं शहाणपणाचं. नागार्जुनाने सांगितलेलं खाजच नसण्याचं मोठं सुख या मांजरांच्या नशिबी बहुधा नाही, आणि ते मिळवून देण्याच्या नादात दुसरा आजार देण्याचा अधिकार माणसाला नाही.

सर्वांत बोचणारा निर्णय आहाराच्या आठ आठवड्यांनंतर येतो. केस उगवलेले असतात, मांजर शांत झोपू लागलेलं असतं, आणि डॉक्टर सांगतात, आता जुनं खाणं पुन्हा द्या. खाज परतते का ते पाहायचं असतं, कारण परतली तरच निदान पक्कं होतं. बरेच जण इथे नकार देतात. बऱ्या झालेल्या जिवाला जाणूनबुजून पुन्हा दुःखात ढकलणं ही संकल्पी हिंसाच वाटते. त्यांची भावना खोटी नाही. पण ही पायरी गाळली तर खाज ऋतू बदलल्यामुळे गेली, पिसवांच्या औषधाने गेली की आहाराने, हे कधीच कळत नाही, आणि मांजर कदाचित विनाकारण आयुष्यभर एकाच महागड्या खाण्यावर राहतं किंवा पुढच्या वेळी चुकीच्या औषधावर. अ‍ॅलर्जी असेल तर खाज बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आत दिसते, आणि दिसताक्षणी जुनं खाणं थांबवता येतं. त्यानंतर एकेक घटक वेगळा तपासायचा: आधी मासे, खाज नसेल तर दोन आठवड्यांनी कोंबडी, मग पुढचा, आणि ज्याने खाज आली तो ताटलीतून कायमचा बंद.